आधी भाषा सांगावी लागते

मराठी पुस्तक संगणकावर जुळवायला घेतले की पहिला निर्णय कोणता, असे मला कोणी विचारले तर मी पानाचा आकार, फॉन्ट किंवा समास यांपैकी काहीच सांगणार नाही. ‘हा मजकूर मराठी आहे’ हे प्रोग्रामला स्पष्ट सांगणे, हा पहिला निर्णय. ही गोष्ट इतकी उघड आहे की ती सांगायची राहूनच जाते. देवनागरी म्हटले की सगळे आले, असे आपण धरून चालतो. पण लिपी देवनागरी असणे आणि भाषा मराठी असणे या दोन वेगळ्या नोंदी आहेत, आणि मी ज्या प्रोग्रामने पुस्तके जुळवते त्याला त्या दोन वेगळ्या पर्यायांतून द्याव्या लागतात.

हा प्रोग्राम म्हणजे झीलाटेक. त्याला खिडकी नाही की मेनू नाही. मजकूर साध्या फाइलमध्ये लिहायचा, प्रकरण कुठे सुरू होते, तळटीप कुठे आहे, सूत्र कुठे आहे याच्या खुणा त्याच फाइलमध्ये करायच्या, आणि टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची जागा, उघडून प्रोग्रामचे नाव, त्याचे पर्याय आणि फाइलचे नाव टाइप करून एंटर दाबायचे. काही क्षण ओळी सरकतात आणि पीडीएफ तयार होते. ठाण्यात, नौपाड्यातल्या माझ्या घरी, नोकरीवरून परतल्यानंतरच्या वेळात मी हे काम करत आले आहे, आणि त्यातली माझी सर्वांत आवडती फाइल कोणत्याही प्रकरणाची नसून पर्यायांची आहे.

या प्रोग्रामचे मूळ ‘टेक’ हे आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातले डोनाल्ड कनूथ यांच्या संगणकशास्त्रावरील ग्रंथमालेतल्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती निघणार होती. तोवर छपाई शिशाच्या खिळ्यांकडून फोटोटाइपसेटिंगकडे वळली होती, आणि १९७७ साली हाती आलेली प्रुफे पाहून कनूथ इतके अस्वस्थ झाले की अक्षरजुळणीचा प्रोग्राम आपणच लिहायचा असे त्यांनी ठरवले. थोडक्या काळात उरकेल असे वाटलेले ते काम दहाएक वर्षे चालले. आज टेकच्या आवृत्तीचा क्रमांक ३.१४१५९२६५३ असा आहे. दर दुरुस्तीबरोबर त्यात ‘पाय’ (π) या संख्येच्या किमतीतला एकेक अंक वाढतो. त्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८०च्या दशकात ‘लाटेक’ उभारले. देवनागरीसाठी हॉलंडमधल्या ग्रोनिंगन विद्यापीठातले फ्रान्स वेल्थाउस यांनी १९९१ साली फॉन्ट आणि एक पूर्वप्रक्रियक तयार केला. त्यात मजकूर रोमन अक्षरांत टाइप करावा लागे आणि मग त्याची देवनागरी होई. २००४ साली जोनाथन क्यू यांचे ‘झीटेक’ आले, तेव्हा युनिकोडमधली, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीतली, मराठी जशीच्या तशी लिहिण्याची आणि पुढे संगणकावरचा कोणताही ओपनटाइप फॉन्ट वापरण्याची सोय झाली. झीटेकवर लाटेक चालवले की ते झीलाटेक. मराठी माणसासाठी माझ्या मते खरा टप्पा हाच.

गेले काही महिने मी आमच्याच गल्लीत राहणाऱ्या एका निवृत्त गणित शिक्षिकेचे भूमितीचे पुस्तक जुळवते आहे. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी त्यांनी वर्षानुवर्षे काढलेल्या टिपणांचे हे पुस्तक आहे. टिपणे पूर्वी एकदा एका डीटीपी केंद्रात टाइप करून घेतलेली होती, परंतु ती युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टमध्ये होती. केंद्र बंद झाले, तो फॉन्ट गेला, आणि सीडीवर उरलेली फाइल उघडली तर अर्थहीन चिन्हांच्या रांगा दिसत होत्या. बाईंच्या हाती फक्त झेरॉक्स प्रत राहिली. तिच्यावरून सगळा मजकूर पुन्हा टाइप करताना, तो साध्या युनिकोड फाइलमध्येच राहिला पाहिजे हा माझा आग्रह अधिकच पक्का झाला, कारण अशी फाइल वाचायला कोणत्याही एका कंपनीचा प्रोग्राम जिवंत असावा लागत नाही.

भूमितीच्या मराठीत ‘शिरोबिंदू’ आणि ‘लंब’ हे दोन शब्द पानोपानी येतात, आणि पर्यायांचे महत्त्व समजून घ्यायला हे दोन शब्द पुरेसे आहेत. फॉन्ट निवडताना लिपीचा पर्याय दिला नाही, तर झीलाटेक ‘शिरोबिंदू’मधली पहिली वेलांटी श-च्या आधी न घेता टाइप केलेल्या क्रमाने त्याच्या नंतर ठेवते, आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी उभी राहतात. लिपी देवनागरी असल्याचे सांगितले की वेलांटी आपल्या जागी येते, जोडाक्षरे जुळतात. इथेच बरेच जण थांबतात, कारण शब्द वाचता येऊ लागलेला असतो. मी मुद्दाम या टप्प्यावरचे एक पान छापून बाईंना दाखवले, कारण मला त्यांची नजर पाहायची होती. त्यांनी चष्मा वर केला आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवले. “अगं, हा श आपला नाही. आणि ल पण नाही. फळ्यावर मी असा ल काढला असता तर पोरांनी हात वर केले असते.”

बाईंचे म्हणणे शब्दशः खरे होते. मराठीचा श देठाचा आणि ल पाकळ्यांचा. हिंदीत त्यांची रूपे वेगळी. राज्य शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेविषयी काढलेल्या निर्णयात आणि २०२२ साली काढलेल्या सुधारित निर्णयातही मराठीची रूपे ठरवून दिलेली आहेत, आणि देठयुक्त श व पाकळीयुक्त ल ही नावे तेव्हापासून बऱ्याच जणांच्या कानावर आली. मात्र युनिकोडमध्ये दोन्ही रूपांना एकच क्रमांक आहे. फाइलमध्ये मी श लिहिते तेव्हा तो कोणत्या वळणाचा हे त्या फाइलला ठाऊक नसते. दोन्ही वळणे फॉन्टच्या आत असतात आणि कोणते काढायचे हे भाषेच्या पर्यायावरून ठरते. फॉन्टच्या ओळीत लिपीपुढे ‘लँग्वेज = मराठी’ एवढे जोडले, प्रोग्राम पुन्हा चालवला, आणि पुस्तकभर पसरलेले सगळे श आणि ल एका दमात आपल्या वळणावर आले. ‘लंबदुभाजक’ हा शब्द मी त्या दिवशी पडद्यावर मोठा करून बराच वेळ पाहत होते.

यात एक अट आहे, ती म्हणजे फॉन्ट घडवणाऱ्याने मराठीची रूपे फॉन्टमध्ये घातलेली असली पाहिजेत. ती नसतील तर पर्याय देऊनही उपयोग होत नाही, आणि प्रोग्राम तसे सांगतो: या फॉन्टमध्ये या लिपीसाठी या भाषेची वेगळी सोय नाही, छापलेले पान तपासून पाहा, अशा अर्थाची सूचना तो लॉग फाइलमध्ये, म्हणजे आपल्या कामाच्या नोंदींच्या फाइलमध्ये, लिहितो. पीडीएफ मात्र व्यवस्थित तयार होते, त्यामुळे लॉग न वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. म्हणून नवा फॉन्ट घेतला की मी आधी लॉगमध्ये ही सूचना शोधते. मुंबईतल्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ आणि आयआयटी मुंबईत तयार झालेला ‘शोभिका’ हे दोन्ही फॉन्ट कोणालाही विनामूल्य वापरता येतात. ठाण्यात बसून पुस्तक जुळवणाऱ्याला इतक्या जवळच्या लोकांनी घडवलेली अक्षरे हाती यावीत, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

अक्षराच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. ‘दुसऱ्या’, ‘कोपऱ्यात’, ‘सारख्याच लांबीच्या दोऱ्या’ यांतला अर्धा र मराठीचा खास. तो टाइप करण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत: एकीत नुक्ता असलेला स्वतंत्र र वापरतात, तर दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह. कागदावर दोन्ही सारखेच उमटतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. शोध घेताना अर्धे सापडतात, अर्धे राहतात, आणि शब्द तोडण्याच्या यादीतही दोघांची गाठ पडत नाही. प्रोग्राम चालवण्याआधी सगळा मजकूर एकाच रीतीवर आणणारी एक छोटी आज्ञा मी लिहून ठेवली आहे आणि ती कधीही टाळत नाही.

आता टर्मिनलमधल्या पर्यायांविषयी. काहीही न सांगता चालवला तर हा प्रोग्राम चूक सापडताच थांबतो, प्रश्नचिन्ह दाखवतो आणि उत्तराची वाट पाहतो. एच टाइप केले की मदत मिळते, एक्स टाइप केले की तो बाहेर पडतो. नवख्याला हे गोंधळाचे वाटते, पण शिकण्याच्या काळात मी हेच ठेवा असे सांगेन, कारण चूक जिथे घडली तिथेच ती समजते. रोजच्या कामात मी ‘इंटरॅक्शन’चा पर्याय ‘नॉनस्टॉपमोड’ असा देते आणि सोबत ‘हॉल्ट-ऑन-एरर’ लावते, म्हणजे प्रश्न न विचारता तो पहिल्या चुकीवर काम सोडतो. ‘फाइल-लाइन-एरर’ लावले की चुकीपुढे फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक येतो. अनेक प्रकरणांच्या पुस्तकात याचा फार आधार असतो. अनुक्रमणिका आणि ‘आकृती अमुक पाहा’ असे संदर्भ जुळायला प्रोग्राम एकाहून अधिक वेळा चालवावा लागतो, ते काम ‘लाटेकएमके’ हा सोबतचा प्रोग्राम स्वतः मोजून करतो.

‘शेल-एस्केप’ हा पर्याय मात्र मी देत नाही. तो दिला की मजकुराच्या फाइलला संगणकावरच्या इतर आज्ञा चालवण्याची मुभा मिळते. मूळ मांडणीत ही मुभा फक्त ठरावीक, तपासलेल्या प्रोग्रामपुरती ठेवलेली आहे, आणि दुसऱ्याची फाइल आपल्या संगणकावर चालवायची असेल तेव्हा ती तेवढीच असावी. ही मर्यादा ‘टेक्सएमएफ.सीएनएफ’ नावाच्या फाइलमध्ये लिहिलेली असते. ही फाइल एकाहून अधिक ठिकाणी असू शकते, आणि तिचा नियम नीट लक्षात ठेवण्यासारखा आहे: एखाद्या पर्यायाची जी किंमत आधी सापडते तीच टिकते, नंतरची दुर्लक्षिली जाते. म्हणून वितरणासोबत, म्हणजे टेकच्या प्रोग्रामांच्या तयार संचासोबत, आलेल्या मोठ्या फाइलला हात न लावता वरच्या फोल्डरमधल्या रिकाम्या फाइलमध्ये आपले बदल लिहायचे. दरवर्षी नवी आवृत्ती आली तरी आपण काय बदलले ते चार ओळींत समोर राहते. माझ्या त्या ओळींपैकी एक लॉगच्या रुंदीची आहे. मूळ मांडणीत लॉगची ओळ ७९ अक्षरांवर तुटते आणि लांब सूचना मध्येच कापली जाऊन शोधात सापडत नाही. ही मर्यादा मी १००० केली आहे.

लॉगमध्ये मराठी पुस्तक जुळवणाऱ्याला सर्वाधिक भेटणारी सूचना म्हणजे ‘ओव्हरफुल एचबॉक्स’: अमुक ओळीपासून अमुक ओळीपर्यंतच्या परिच्छेदात एक ओळ इतके पॉइंट समासाबाहेर गेली आहे. मराठीत ती वारंवार येण्याचे कारण आपल्या प्रत्ययांत आहे. ‘शिरोबिंदूंपासूनच्या’, ‘लंबदुभाजकावरील’ असे शब्द ओळीच्या टोकाशी आले की प्रोग्रामपुढे दोनच वाटा राहतात, शब्द समासाबाहेर जाऊ देणे किंवा तो खाली ढकलून वरच्या ओळीतल्या मोकळ्या जागा ताणणे. किती ताण सहन करायचा हे ‘टॉलरन्स’ या पर्यायाने ठरते आणि लाटेकमध्ये त्याची मूळ किंमत २०० असते.

हा आकडा कुठून आला हे बाईंना हवे होते. त्यांनी पर्यायांच्या फाइलची छापील प्रत मागून घेतली होती आणि लाल पेनाने प्रत्येक संख्येपुढे प्रश्नचिन्ह काढले होते. मी त्यांना सूत्र सांगितले: शब्दांमधल्या जागा त्यांच्या ठरवून दिलेल्या ताणक्षमतेच्या किती पट ताणल्या गेल्या ते गुणोत्तर घ्यायचे, त्याचा घन करायचा आणि शंभराने गुणायचे, येणारी संख्या म्हणजे त्या ओळीचा दोषांक. बाईंनी लगेच त्याच कागदाच्या कडेला मांडणी केली. जागा क्षमतेच्या निम्म्याने ताणली तर अर्ध्याचा घन एक अष्टमांश, म्हणजे दोषांक साधारण १२. पूर्ण क्षमतेइतकी ताणली तर १००. आणि २०० म्हणजे २ चे घनमूळ, सुमारे १.२६ पट. “मग दुप्पट ताण चालेल म्हणायचे असेल तर ८०० लिहायचे,” त्या म्हणाल्या, “दोनाचा घन आठ.” आम्ही ८०० लिहून पाहिले. समासाबाहेर जाणाऱ्या ओळी पुष्कळ कमी झाल्या, पण काही परिच्छेदांत शब्दांमधले अंतर डोळ्यांना खुपू लागले, आणि बाईंनी त्या ओळींवर खुणा केल्या. शेवटी टॉलरन्स ४०० ठेवून ‘इमर्जन्सी-स्ट्रेच’ची थोडी जोड दिली. या जोडीचा उपयोग प्रोग्राम तिसऱ्या फेरीतच करतो: पहिल्या फेरीत शब्द न तोडता परिच्छेद बसतो का ते पाहायचे, दुसऱ्या फेरीत शब्द तोडून, आणि तरीही जमले नाही तर तिसऱ्या फेरीत हा जादा ताण हिशेबात धरायचा. परिच्छेदाच्या सगळ्या ओळी एकत्र तोलून हा निर्णय होतो. शेवटच्या ओळीतला एक शब्द बदलला की पहिल्या ओळीची मांडणी बदललेली मी अनेकदा पाहिली आहे, आणि त्यामागचे गणित समजल्यापासून ते पाहण्यात मला अधिक रस वाटतो.

पानाच्या डोक्यावर परिच्छेदाची एकटी शेवटची ओळ येऊ नये म्हणून लिहिलेल्या १०००० वरही बाईंचे प्रश्नचिन्ह होते. इथे १०००० म्हणजे अनंत, असे म्हटल्यावर त्यांनी नुसती मान हलवली आणि पुढच्या ओळीकडे वळल्या.

ओळींमधल्या अंतराचा प्रश्न देवनागरीत वेगळा आहे. एका ओळीत ‘दृष्टीने’ आला, त्यातला ऋकार खाली उतरला, आणि नेमका त्याखालच्या ओळीत ‘वर्गांमध्ये’ मधला रफार आणि अनुस्वार वर चढला, की दोन्ही एकमेकांच्या फार जवळ येतात. ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जवळ आले की प्रोग्राम आपणहून तेवढ्याच दोन ओळींत जादा अंतर सोडतो, आणि पानावरच्या ओळी विषम दिसू लागतात. रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून बेतलेले अंतर आपल्याला अपुरे पडते. ते सुमारे सव्वापटीहून थोडे अधिक केले की ही अडचण जवळजवळ नाहीशी होते. किती अधिक, हे मी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन जुन्या पुस्तकांवरून ठरवले. १८९३ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयात खिळ्यांनी जुळवलेली पुस्तके हातात घेऊन पाहता येतात, आणि निर्णयसागरसारख्या छापखान्याच्या पानांवर पट्टी ठेवून मोजले की त्या जुळाऱ्यांनी मात्रा-वेलांट्यांना किती श्वास घेऊ दिला होता ते समजते. त्या मापावरून काढलेला आकडा मी पर्यायांच्या फाइलमध्ये लिहिला आहे आणि तो कुठून आला हेही टक्क्याच्या चिन्हापुढे नोंदवले आहे. टक्क्यापुढचा मजकूर प्रोग्राम वाचत नाही, तो फक्त माणसांसाठी असतो. माझ्या फाइलमध्ये असा एकही पर्याय नाही ज्याच्यापुढे त्याचे कारण लिहिलेले नाही. मेनूत जाऊन निवडलेल्या गोष्टी कोणी, कधी आणि का निवडल्या हे मागाहून समजत नाही. इथे बाईंसारखी टर्मिनल कधीही न उघडलेली व्यक्तीसुद्धा लाल पेन घेऊन प्रत्येक निर्णयाला प्रश्न विचारू शकते, आणि त्यांच्या प्रश्नांमुळे या पुस्तकाची मांडणी नक्कीच सुधारली आहे.

आकड्यांचा प्रश्न सहज सुटला. पानांचे क्रमांक देवनागरी अंकांत असावेत आणि सूत्रांतले अंक आंतरराष्ट्रीय, कारण मुलांच्या पाठ्यपुस्तकांत गणिताला तेच असतात, असे बाईंनी सांगितले. भाषेच्या पॅकेजमध्ये अंकांसाठी स्वतंत्र पर्याय असल्याने ते तसेच करता आले. वागळे इस्टेटमधल्या छापखान्याला डेमी आकाराची, कापण्याच्या खुणा असलेली आणि सगळे फॉन्ट आत असलेली पीडीएफ हवी होती. पृष्ठसंख्या सोळाच्या फर्म्यात बसवायला शेवटी सरावाची दोन पाने वाढवली.

शब्द तोडण्याचे काम मात्र चालूच आहे. टेकच्या वितरणात मराठीसह अनेक भारतीय भाषांचे शब्द तोडण्याचे नियम आहेत. ते केरळचे संतोष तोट्टिंगल यांनी तयार केले. हे नियम अक्षरांच्या सीमा सांभाळतात, काना किंवा वेलांटी अक्षरापासून कधी तुटू देत नाहीत, आणि त्यांच्याशिवाय मराठी परिच्छेद नीट बसवणे अवघड झाले असते. पण सामासिक शब्दाची फोड त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. ‘लंबदुभा-जक’ असा तुटलेला शब्द मुलांनी वाचू नये, तो ‘लंब-दुभाजक’ असाच तुटावा, हा बाईंचा आग्रह मला पूर्ण मान्य आहे. त्यासाठी अपवादांची यादी देता येते, परंतु त्या यादीत शब्द जसाच्या तसा जुळावा लागतो; ‘लंबदुभाजक’ नोंदवल्याने ‘लंबदुभाजकाचा’ किंवा ‘लंबदुभाजकावर’ यांना तो नियम लागू होत नाही. मजकुरातच शब्दाच्या मध्ये तोडीची खूण घालता येते, पण मग मूळ मजकूर खुणांनी भरतो, आणि तो स्वच्छ राहिला पाहिजे. त्यामुळे आम्ही यादीच वाढवतो आहोत, एका शब्दाची पुस्तकात आलेली सगळी रूपे एकाखाली एक. सध्या वर्तुळाचे प्रकरण चालू आहे. ‘वृत्तछेदिका’ हा शब्द ‘वृत्त’नंतर तोडायचा हे ठरले, तसे मी लिहूनही ठेवले आहे, ‘वृत्तछेदिकेच्या’, ‘वृत्तछेदिकांमधील’ आणि ‘वृत्तछेदिकेवरील’ ही रूपे या शनिवारी बाईंसोबत बसून त्याखाली नोंदवायची आहेत.